डाव्या बाजूची थाप

१

माझी पिकअप नऊ वर्षांची होती, पण काम तिने वीस वर्षांचं केलं होतं. चिरे वाहायचे म्हणजे गाडीच्या जिवाशी खेळ. जांभ्याचा एक चिरा उचलला की दोन दिवस कंबर आठवण देत राहते, आणि आम्ही एका खेपेला चांगले रचून रचून भरायचो. गोळपच्या कातळी सड्यावरच्या खाणीतून माल घ्यायचा, भाट्याच्या पुलावरून रत्नागिरीच्या अंगाला कुणाच्या तरी जोत्यापाशी उतरवायचा, परत सड्यावर. दिवसाला चार खेपा. मार्चमध्ये चासीला चीर गेली, ती वेल्डिंगने बुजवली. एप्रिलमध्ये वेल्डिंगच्या शेजारी दुसरी गेली. वेल्डर माझा मित्र, तो काच डोळ्यांवरून वर करून म्हणाला, "लवू, हिला आता वेल्डिंग नको. हिला पेन्शन दे."

त्याच आठवड्यात खाणीवर कुणीतरी बोललं की अंजनवेलला एका हमीदचाचांकडे जुनी नाकाडी ट्रक उभी आहे, म्हाताऱ्याला छोटी गाडी हवी आहे, बदलाबदली करेल. मी हसलो. नाक पुढे आलेल्या त्या ट्रका मी लहानपणी पाहिलेल्या. पुढे लांबलचक बॉनेट, लाकडी केबिन, आतला ड्रायव्हर पाटावर बसवल्यासारखा ताठ. आता त्या फक्त भंगारवाल्याच्या आवारात दिसतात. पण गेलो. बुडत्याला काडीचा आधार असतो, मला तर अख्खी ट्रक दिसत होती.

गाडी माडांच्या सावलीत उभी होती. पत्रा जाड, पाटे जाड, इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं आणि त्याचा आवाज छातीत वाजला. कागद साफ होते, पासिंग नुकतंच केलेलं. मी पिकअपच्या दोन्ही चिरा चाचांना बोटाने दाखवल्या. खोटं बोलून गाडी विकणाऱ्यातला मी नाही, निदान तेव्हा नव्हतो. ते म्हणाले, "चालतील. मना काय, चार नारळ आणायचे."

तिथेच मला कळायला हवं होतं. चांगली ट्रक देऊन चिरलेली पिकअप कोण घेतं? पण हावरट माणसाला सगळ्या गोष्टी सरळच दिसतात.

किल्ली देताना त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली, माझी मूठ मिटली आणि वर स्वतःचा हात तसाच धरून ठेवला. "मागं घेताना उतरून बघायचा. दर टायमाला. समजला ना, बाबा?"

"चाचा, अठरा वर्षं गाडी चालवतोय मी."

"मी चाळीस चालवली," ते म्हणाले. मग पिकअपमध्ये बसले आणि ट्रककडे एकदाही न बघता घराकडे निघून गेले.

२

पुढचं समजायला आमच्या धंद्यातली एक रीत माहीत हवी. ट्रकचा ड्रायव्हर उजवीकडे बसतो. डावी बाजू त्याला आंधळी. म्हणून गाडी मागे घेताना गाडीवरचा माणूस डावीकडे, मागच्या चाकाशी उभा राहतो आणि पत्र्यावर हाताने थापा मारतो. दोन थापा म्हणजे ये, येऊ दे. एकच थाप, जोरात, म्हणजे थांब. बस्स, एवढंच. ड्रायव्हर आरशावर ठेवणार नाही इतका विश्वास थापेवर ठेवतो. दोन थापा ऐकू येताहेत तोवर तो डोळे मिटूनही मागे येईल.

अंजनवेलहून मी तवसाळला आलो, तिथून फेरीबोटीने खाडी ओलांडून जयगडला उतरायचं होतं. दुपारचे साडेबारा, ऊन रणरणत होतं. बोटीवर गाडी उलटी चढवायची होती. मी मान बाहेर काढून मागे घ्यायला लागलो आणि डावीकडून दोन थापा आल्या. थप थप. मी येत राहिलो. थप थप. फळीवर चाक चढलं, गाडी बोटीत नीट बसली. नवी गाडी, अरुंद फळी, आणि पहिल्याच फटक्यात काम. मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

खाली उतरून मी बोटीवरच्या खलाशाला म्हटलं, "बरोब्बर आणलीस रे."

"मी कुठं आणली? तुमीच आलात," तो म्हणाला. "आमी शिट्टी मारतो. तुमी शिट्टीकडं बघितलातच नाय."

त्याच्या गळ्यात खरंच शिट्टी होती. डावीकडे ट्रक आणि बोटीचा कठडा यांच्यात दीड वीत जागा होती. मी त्या फटीकडे बघितलं. मग मनाशी म्हटलं, जुना पत्रा आहे, उन्हात तापला, आवाज करणारच. पत्रा तापला की वाजतो हे खरंच आहे. मात्र तो दोन-दोन करून वाजत नाही, हे मी तेव्हा मनात येऊ दिलं नाही.

३

पहिले पंधरा दिवस मी राजा होतो. ज्या चढावर पिकअप दमेकऱ्यासारखी धापा टाकायची तिथे ही म्हातारी गुणगुणत चढायची. चार खेपांचं काम दोन खेपांत व्हायला लागलं. पोरंसोरं रस्त्यात फोटो काढायची. हमीदचाचांचा फोन दर शुक्रवारी दुपारी, त्यांचा नमाज झाला की यायचा. "गाडी कशी हाय?" "मस्त, चाचा." "उतरून बघतोस ना?" मी हो म्हणायचो. बघत नव्हतो. सोबतीला माणूस ठेवला नव्हता तरी चालत होतं, कारण जिथे जायचो तिथे कुणी ना कुणी थाप मारायचंच.

निदान माझा तसा समज होता.

खाणीवरचा मुकादम रामा. एका सकाळी मी गाडी चिऱ्यांच्या रांगेला लावत होतो. थप थप, थप थप, अशी आली आणि चिऱ्याला अंगठाभर अंतर राखून थांबली. रामा समोरच्या झापाखाली चहा पीत होता. आणि त्याची सगळी माणसं त्याच्या बाजूला चहा पीत होती. मी मोजली. सहाही जण.

"मागं कोण आहे?" मी विचारलं.

"मागं कोण असणार? सगळी हयसर हायत," रामा म्हणाला. "काय झाला?"

"थापा कोण मारत होतं?"

रामाने चहाचा पेला खाली ठेवला. "मना वाटला, तूच दरवाजावर ताल धरलायस."

म्हणजे त्यालाही ऐकू आल्या होत्या. मला त्याचं बरं वाटावं की भीती वाटावी हे कळेना. पाटे सैल असतील म्हणून मी गाडी गॅरेजला नेली. सगळे बोल्ट आवळले. मेस्त्री म्हणाला, इतकी घट्ट गाडी त्याने वर्षात पाहिली नाही.

दोन दिवसांनी कुर्ध्याच्या बाजूला एका वाडीत माल उतरवायचा होता. दोन्हीकडे दगड रचलेले गडगे, मध्ये गाडीपुरती पाणंद. थापा येत होत्या आणि मी येत होतो, आणि मागचा गडगा अख्खा कोसळला. घरमालकीण धावत बाहेर आली आणि तिने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तिचं बरोबरच होतं. गडग्याच्या पलीकडे तिची सून कपडे वाळत घालत होती. गडगा पडला तिथून ती चार हातांवर उभी होती, हातात ओलं लुगडं, आणि तिच्या तोंडून आवाज फुटत नव्हता. गडगा मी दुसऱ्या दिवशी स्वतः रचून दिला. पण ते ओलं लुगडं माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. मी ज्याच्या भरवशावर मागे येत होतो त्याने एकदाही थांब म्हटलं नव्हतं. त्या दिवशी नाही आणि त्याच्या आधीही नाही. दोन आणि दोन, नुसत्या दोन आणि दोन.

त्या शुक्रवारी मी चाचांना विचारलं. "चाचा, गाडीवर थापा वाजतात. कुणी नसताना."

त्यांनी विचारलं, "दोन?"

"दोन-दोन."

"उतरून बघ, लवू," ते म्हणाले. "मी सांगितला होता." आणि फोन ठेवला.

४

मैना माझी बायको. बारा वर्षं काजूच्या कारखान्यात होती. काजूच्या चिकाने तिच्या बोटांची सालं गेलेली. कारखाना पावसाआधी बंद पडला आणि ती घरी बसली. घरी बसणं तिच्या रक्तात नाही. तिसऱ्या दिवशी तिने आमच्या मांजराला शिस्त लावायला घेतली तेव्हा मी म्हटलं, गाडीवर येतेस का?

खरं कारण मी तिला सांगितलं नाही. मला डाव्या बाजूला एक खरं माणूस हवं होतं. ज्या जागी काहीतरी आहे अशी मला शंका होती, तिथे मी माझ्या बायकोला उभं केलं. हे आज लिहिताना जेवढं वाईट दिसतं तेवढं तेव्हा दिसलं नव्हतं.

मैना दोन दिवसांत तयार झाली. तिची थाप खणखणीत, आणि तिच्याबरोबर बांगड्या वाजायच्या. वर तोंडही चालू. "येऊ दे, येऊ दे... अवो, झोपलात काय? येऊ दे!" आणि मग एक सणसणीत थाप, "बस!" गाडी थांबवली की चाकामागे लाकडी ठोकळा सरकवण्याचं कामही तिचंच, कारण हँडब्रेक उतारावर धरत नव्हता. तिच्या असण्याने गाडी पुन्हा गाडी झाली. दुसऱ्या थापा थांबल्या. आठ दिवस मी नीट झोपलो.

खाणीवरची लाल धूळ सगळ्यावर बसते. भुवयांवर, डब्यातल्या भाकरीवर, पत्र्यावर. एका दुपारी खेप टाकून आल्यावर मी गाडीभोवती फिरत होतो. डाव्या अंगाला धुळीत मैनाच्या तळव्यांचे ठसे होते, तिच्या खांद्याच्या उंचीवर, एकावर एक. ते बघून हसू आलं. मग माझी नजर खाली गेली.

चाकाच्या वर जो पत्रा वाकून येतो, त्याच्या खालच्या कडेला आणखी ठसे होते. जमिनीपासून गुडघाभर उंचीवर. पंजा मोठा, बोटं खाली आणि मनगट वर नव्हे, तर उलट, बोटं वर आणि मनगट जमिनीकडे. खालून वर हात करून मारल्यासारखे. काही ठसे घसरलेले होते.

"मैना, खाली वाकून थापा मारतेस काय?"

"मी कशाला वाकू? माझी कंबर काय फुकटची हाय?" ती जवळ आली आणि बघायला लागली. तिने स्वतःचा हात एका ठशावर ठेवला. तिचा पंजा त्यात पोराचा वाटत होता. "हा गडी माणसाचा हात हाय," ती म्हणाली. "खाणीवरला कोण असेल. टायर बघायला वाकला असेल."

"असेल," मी म्हटलं.

ओल्या फडक्याने मी ते पुसून टाकले. पुसताना बसावं लागलं, मग आणखी खाली, शेवटी मी जमिनीवर आडवा झालो तेव्हा माझा हात त्या ठशांच्या रेषेत नीट पोचला. मी पटकन उठलो. मैनाने विचारलं काय झालं, तर कपडे मळले म्हणालो.

५

पावस गावाच्या अलीकडे एका मुंबईकराचं घर बांधायला घेतलेलं. रस्ता वर, जोतं खाली, आणि मध्ये कातळ कापून केलेला उताराचा रस्ता. उजवीकडे कापलेला कातळ, डावीकडे गडगा, आणि गडगा नि गाडी यांच्यात एक माणूस आडवं होऊन जाईल एवढी फट. खाली, रस्ता संपतो तिथे वाळूचा मोठा ढीग. भरलेली गाडी उलटी उतरवायची होती. गवंडी मंडळी जेवायला ओढ्याकडे गेलेली. वेळ अकरा-साडेअकराची, वारा पडलेला, दूर कुठेतरी नारळ सोलण्याचा आवाज.

मैना नेहमीसारखी उतरली. मी मागे घ्यायला लागलो. थप थप. आलो. थप थप. आलो. अर्ध्या उतारावर आलो तेव्हा मला जाणवलं की बांगड्या वाजत नाहीत. आणि मैना आज बोलत नाही.

मी ब्रेक दाबला. इतका जोरात की इंजिन बंद पडलं.

आता सगळं शांत झालं आणि थापा नीट ऐकू आल्या. त्या मागून येत नव्हत्या. खालून येत होत्या. दोन, मग दोन, मग तीन, मग घाईघाईने दोन. कुणी कुणाला बोलावताना असं मारत नाही. गड्याचा हात एका लयीत पडतो, हा पडेल तसा पडत होता.

"मैना!"

उत्तर नाही. थप थप.

"मैना, एक थाप मार! एकच मार!"

थप थप. थप थप.

मग मला ते कळलं. जो बाजूला उभा आहे तो मोजून एक थाप मारतो. जो चाकाखाली गेला आहे तो मोजत नाही. तो हाताला लागेल त्या पत्र्यावर मारत राहतो, जोवर हात उठतो तोवर. आणि वर बसलेला ड्रायव्हर ऐकतो, दोन, दोन, आणि म्हणतो, ये म्हणतोय. आणि येत राहतो.

माझी मैना खाली होती. मला तेव्हा दुसरं काहीच वाटलं नाही.

मला उतरता येत नव्हतं. पाय ब्रेकवरून काढला तर गाडी मागे जाणार. हँडब्रेक ओढला, तो नुसता करकरला. पहिला गिअर टाकून बघितला, पण भाराने तो दोनदा उडून बाहेर आला. इंजिन चालू करून पुढे घ्यावी तर उतारावर भरलेली गाडी आधी हातभर मागे सरकणार, मगच पुढे ओढणार. तो हातभर कुणाच्या अंगावरून? आणि माझ्या बुटाखाली ब्रेकचं पॅडल हळूहळू मऊ होत होतं. मी ते पुन्हा पुन्हा मारत होतो. दर खेपेला ते थोडं आणखी खाली जात होतं.

मी तिच्या नावाने ओरडत होतो. रडत होतो असं म्हटलं तरी चालेल.

६

"काय वो, गाव गोळा करताय काय?"

आवाज समोरून आला. मैना वरच्या रस्त्यावरून खाली येत होती, दोन्ही हातांत तो लाकडी ठोकळा. मागच्या ठिकाणी गाडी थांबवली तेव्हा तो गाडीच्या फळीवर ठेवलेला, आणि रस्त्यावर वळण घेताना पडला होता. ती तो आणायला मागे गेली होती, मला हाक मारून. इंजिनच्या आवाजात मला ऐकू आली नव्हती. ती सावकाश चालत आली, पूर्ण, धडधाकट, कपाळावर घामाने ओघळलेलं कुंकू.

माझ्या आयुष्यात मला कधी इतका आनंद झाला नव्हता.

थप थप.

मैना थांबली. तिने माझ्या दोन्ही हातांकडे बघितलं. ते स्टिअरिंगवर होते. मग तिने मान वाकडी करून डाव्या अंगाला, गडग्याच्या फटीत पाहिलं.

"अवो," ती हळू म्हणाली, "खाली कोणतरी हाय."

"कुणी नाही. तू वर जा."

"अवो, मारतंय कोणतरी. माणूस हाय!" ठोकळा घेऊन ती फटीत शिरली. ती तशीच आहे. विंचू पाण्यात पडलेला दिसला तरी ती आधी काढते आणि मग चप्पल शोधते.

"मैना, मागे हो! ब्रेक जातोय!"

"म्हणून तर ठोकळा लावते ना!"

डाव्या बाजूच्या आरशात मला ती दिसली, पाठ गडग्याला घासत, आडवी सरकत. आणि तिच्यापुढे, चाकापाशी, मला हात दिसला. कोपरापर्यंत. लाल धुळीने माखलेला, बोटं फाकलेली. तो वर आला, पत्र्यावर आपटला, खाली पडला. ज्या क्षणी आपटला त्याच क्षणी थाप ऐकू आली. पुन्हा वर आला. मग तो पत्र्याकडे गेलाच नाही. मैनाची चाहूल लागल्यासारखा वळला आणि तिच्याकडे लांबला. धरायला म्हणून लांबला असेल. माणूस बुडताना लांबवतो तसा. माझ्या मनात वाईट आलं, पण ते माझं मन आहे, त्याचं मला माहीत नाही.

मैनाने ठोकळा टाकला आणि स्वतःचा हात पुढे केला.

पॅडल तळाला टेकत आलं होतं. अजून दोन, तीन पावलं, आणि ती चाकाच्या मागे वाकली असती. मग ब्रेक गेला असता तर ती गेली असती. एवढं सगळं मी विचार करून केलं असं नाही. पण कळून केलं. मी पाय काढला.

गाडी सुटली. आरसा गडग्यावरून भरकन गेला, मैना किंचाळली, आणि मागचं डावं चाक कशावर तरी चढलं आणि उतरलं. अठरा वर्षांत माझ्या चाकाखाली दगड आले, नारळ आले, एकदा कुत्रा आला. प्रत्येकाचं वजन बुडाखाली वेगळं कळतं. हे त्यातलं काहीही नव्हतं. मग पुढचं चाक चढलं. उतरलं.

आणि थाप आली. एकच. जोरात.

गाडी वाळूच्या ढिगात घुसून उभी राहिली.

मी उतरून धावत वर आलो. मैना गडग्याला टेकून बसली होती, तिला खरचटलंसुद्धा नव्हतं. तिचा उजवा हात अजून पुढेच होता. जमिनीवर टायरची नक्षी उमटलेली होती, दोन्ही चाकांची, सरळ, न तुटता. रक्त नाही, चिंधी नाही. दगडसुद्धा नाही. ज्याच्यावर चाक चढावं असं त्या रस्त्यावर काहीही नव्हतं.

मैनाने विचारलं, "ब्रेक सुटला, की तुमी सोडलात?"

"सुटला," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग उठली, लुगडं झटकलं आणि म्हणाली, "त्यानं माझं बोट धरलं होतं."

७

शुक्रवारी दुपारी फोन आला. मी पडवीत बसलो होतो. मैना आत तांदूळ निवडत होती.

"गाडी कशी हाय?"

मी सांगणार नव्हतो. पण त्या माणसाशी मला खोट्या आवाजात बोलता येईना. "चाचा, परवा थाप आली. खालून आली. मी हात बघितला."

पलीकडे दार वाजलं. पिकअपचं दार उघडून ते आत बसले असावेत. ते दार कसं वाजतं मला ठाऊक आहे.

"मग?" ते म्हणाले. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता. "मग तू थांबलास?"

मी दाराकडे बघितलं.

"मना वाटला, माझ्या गाडीवरचा माणूस ये म्हणतोय," चाचा म्हणाले. "लवू, तो किती वेळ मारत होता रे. मी हसत हसत आलो मागं. मना वाटला, आज बरा उत्साहात हाय. तेहतीस वर्षं झाली. मी गाडी विकली नाय, मोडीत घातली नाय. दर टायमाला थाप आली की मी थांबायचा ठरवायचो, पण माझा पाय... माझा पाय उठायचाच नाय ब्रेकवर जायला. म्हणून तुना दिली. तू नवा माणूस, तू थांबशील. तू थांबलास ना, बाबा?"

आत तांदूळ निवडायचा आवाज बंद झाला होता.

"हो," मी म्हटलं. "थांबलो, चाचा."

ते रडायला लागले. सत्तरीच्या वरचा माणूस, मोठ्याने, हुंदके देऊन. मध्येच अल्लाचं नाव घेत होते, मध्येच माझं. मला, माझ्या बायकोला, माझ्या येणाऱ्या पिढ्यांना दुवा देत होते. मग त्यांनी विचारलं, "काय बोलला तो? निघाला ना खालनं?"

"निघाला," मी म्हटलं. "काही बोलला नाही. गेला चालत."

"चालत," चाचा म्हणाले. "चालत गेला." ते दोन-तीनदा तेच म्हणत राहिले, आणि फोन बंद झाला.

मैना दारात उभी होती, सूप हातात धरून. तिने सगळं ऐकलं होतं. ती काहीतरी बोलेल, शिव्या देईल, निदान रडेल अशी मी वाट पाहिली. तिने उजव्या हाताचं पहिलं बोट डाव्या मुठीत धरलं होतं.

त्यानंतर गाडीत थाप वाजलेली नाही. हमीदचाचांचे फोन अजून येतात, पण आता ते गाडीचं विचारत नाहीत. ते फक्त दुवा देतात. मी ऐकून घेतो.